प्रतिसाद: ‘१९८४’ अजूनही वाचावी का?

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी कालबाह्य झाली असून तिच्यातले सर्वंकष हुकूमशाहीचे भाकीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती वाचण्याची गरज उरलेली नाही, असे वर म्हटले गेले आहे. त्याच्याशी मी सहमत नाही. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीकडे निव्वळ भविष्यकथन म्हणून पाहिले, तर भिंतीवरचा टेलिस्क्रीन, म्हणजे माणसांवर पाळत ठेवणारा पडदा, आज बाळबोध वाटणारच. तिचे खरे बळ मला नायक विन्स्टन स्मिथच्या नोकरीत दिसते. सत्य मंत्रालयात बसून तो जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलतो, कधीही जन्माला न आलेला ओगिल्वी नावाचा वीर कागदावर घडवतो आणि विशेष म्हणजे हे काम त्याला मनापासून आवडते. व्यवस्थेचा बळीच तिचा कुशल कारागीरही असतो, हे चित्रण सर्वत्र टांगलेल्या ‘बिग ब्रदर’ या सत्ताधीशाच्या मिशाळ चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करणारे आहे.

कादंबरीत येणारे, राजवटीचा शत्रू मानल्या गेलेल्या गोल्डस्टीनच्या ग्रंथातील लांबलचक उतारे कंटाळवाणे आहेत, ही तक्रार मात्र रास्त आहे. अमेरिकेतील एका बुक क्लबने ते आणि राजवटीच्या ‘न्यूस्पीक’ या कृत्रिम भाषेवरचे शेवटचे परिशिष्ट गाळण्याची सूचना केली असता ऑर्वेलने ती नाकारली होती. उताऱ्यांबाबत क्लबचे अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही. परिशिष्ट मात्र कोणीही वगळू नये, कारण ते भूतकाळात लिहिलेले असल्यामुळे ती राजवट पुढे कोसळली असावी, ही शक्यता फक्त तिथेच डोकावते. कादंबरी आवडल्यास पुढे रशियन लेखक झाम्यातिनची ‘वुई’ ही कादंबरी घ्यावी. ऑर्वेलने १९४६ साली तिचे परीक्षण लिहिले होते आणि दोन्हींतले साम्य लपत नाही.