अनुभव धागा : अमेरिकेत विद्यार्थ्याचं पहिलं बँक खातं, क्रेडिट हिस्टरी शून्य असताना

ऑगस्ट जवळ आला की दोन प्रश्न हमखास येतात. ‘इकडे सिबिल ७८० आहे, मग तिकडे कार्ड का देत नाहीत?’ आणि ‘क्रेडिट हिस्टरीच नाही, तर खातं तरी उघडेल का?’ ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. कागद, आकडे, कुठे अडतं, का अडतं. आपबीती नको, तपशील हवा.

पाणपोई

आधी गुंता सोडवू. चेकिंग (रोजच्या व्यवहाराचं) किंवा सेव्हिंग्ज खातं उघडताना बँक सहसा क्रेडिट स्कोअर बघत नाही. ती बघते चेक्ससिस्टम्ससारखी नोंदवही, ज्यात आधीच्या अमेरिकी बँकेचे पैसे बुडवणाऱ्यांच्या नोंदी असतात. नुकत्याच उतरलेल्या मुलाचं पान तिथं कोरं असतं आणि कोरं पान चालतं. ते नडतं कार्ड, घरभाडं आणि मोबाइलचा पोस्टपेड प्लॅन घेताना.

कागद: पासपोर्ट, त्यातलं व्हिसाचं पान, सही केलेला आय-२० (विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र), आय-९४ ची प्रिंट (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद), आणि राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा वसतिगृहाचं पत्र). पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत एसएसएनऐवजी (सोशल सिक्युरिटी नंबर, तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) पासपोर्टचा नंबर आणि देश घ्यायला कायद्याची मुभा आहे. पण ऑनलाइन फॉर्म बऱ्याचदा एसएसएनपाशीच अडून बसतो, म्हणून शाखेत जावं. काउंटरवर ‘नाही जमणार’ ऐकलं तर हुज्जत घालू नका. विद्यापीठाला लागून असलेली शाखा गाठा. तिथल्या लोकांनी आय-२० शेकड्यांनी पाहिलेले असतात.

कोनाडा

वरच्या यादीत एक भर. सही टॅबलेटवर घेतात आणि समोर अनेकदा डब्ल्यू-९ येतो. तो अमेरिकी करदात्यांचा फॉर्म. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली ५ कॅलेंडर वर्षं करापुरता अनिवासी असतो, त्याचा फॉर्म डब्ल्यू-८बीईएन. तो दिला की ठेवीवरच्या व्याजाला तिथला कर लागत नाही. कोणताच योग्य फॉर्म नसेल तर व्याजातून २४ टक्के कापले जाऊ शकतात. हा फॉर्म सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर संपतो, पुन्हा भरावा लागतो.

तिळगूळ

नावाकडे कोणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. समजा नाव अनिकेत सुरेश पाटील. पासपोर्टवर आडनाव ‘पाटील’ आणि गिव्हन नेमच्या रकान्यात ‘अनिकेत सुरेश’ एकत्र. बँकेतला माणूस सुरेशला मधल्या नावात टाकतो, दुसरं कार्यालय ‘अनिकेत सुरेश’ हेच पहिलं नाव धरतं, विद्यापीठ वडिलांचं नाव गाळून टाकतं. एका माणसाची तीन नावं झाली. मग भारतातून आलेली वायर (बँकेतून थेट बँकेत पाठवलेली रक्कम) ‘नाव जुळत नाही’ म्हणून लोंबकळते, पुढे क्रेडिट फाइलही दुभंगू शकते.

पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी दोन ओळी असतात, त्या बघा. पहिल्या ओळीत आडनाव, मग कोनाच्या दोन खुणा, मग अनिकेत, एक खूण, सुरेश. दुहेरी खुणेच्या अलीकडे आडनाव, पलीकडे बाकी सगळं. मधलं नाव असा प्रकार पासपोर्टला माहीतच नाही! त्यामुळे कुठंही पहिलं-मधलं कसं तोडायचं ते आधी ठरवा आणि सगळीकडे तसंच तोडा. सही करण्यापूर्वी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगून अक्षर न् अक्षर वाचा. पासपोर्टवर आडनाव कोरं असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. ते दुरुस्त करायचं तर निघण्यापूर्वी, इकडेच.

घाटवळण

पैसे नेण्याबद्दल. रोख परकी चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डवर. खातं उघडून डेबिट कार्ड टपालानं येईपर्यंत आठवडा-दहा दिवस सहज जातात, तोवर हेच कार्ड तारतं.

मोठी रक्कम इकडच्या बँकेतून वायरनं. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ए-२ फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज) शिक्षणासाठीचाच पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी ते सांगणारा कोड, टाका. सगळ्या पाठवणीची बेरीज वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेली की टीसीएसचा (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो कर) प्रश्न येतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

तिकडे आयएफएससी नसतो. ९ आकडी राउटिंग नंबर, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड लागतो. गोची अशी की बऱ्याच बँकांचा चेकवर छापलेला राउटिंग नंबर वेगळा आणि वायरचा वेगळा असतो. ॲपमध्ये ‘वायर’ या शब्दाखालचाच घ्या. शुल्काच्या रकान्यात ‘ओयूआर’ (सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून) निवडा, नाहीतर मधली बँक वाटेत डॉलर कापून घेते आणि विद्यापीठाची फी थोडक्यात अपुरी पडते.

सांजवात

मुलीचं वय १९, पदवीसाठी चालली आहे. खातं उघडल्यावर लगेच क्रेडिट कार्ड मिळेल का?

पाणपोई

ताई, २१ पूर्ण होईपर्यंत अवघड आहे. २००९ च्या कार्ड कायद्यानुसार २१ च्या आतल्या अर्जदाराला स्वतःचं उत्पन्न दाखवावं लागतं किंवा सहकर्जदार द्यावा लागतो. कॅम्पसवरच्या नोकरीचा पगार उत्पन्नात धरता येतो. एसएसएनही त्या नोकरीमुळेच मिळतो; नोकरी नाही तर एफ-१ वर तो बहुधा नाहीच. एसएसएनच्या अर्जाची घाई मात्र करू नका. अमेरिकेत पोचून १० दिवस आणि विद्यापीठात हजेरी लावून किमान ४८ तास जाऊ द्यावेत, नाहीतर सरकारी संगणकांत नोंद सापडत नाही आणि अर्ज लोंबतो.

मोजपट्टी

कार्डाचं मी सांगतो. सोपा रस्ता सिक्युअर्ड कार्डचा: २०० डॉलर अनामत, साधारण तेवढीच मर्यादा. आपल्याकडच्या एफडीवरच्या कार्डाचाच भाऊ. स्कोअर ३०० ते ८५० मध्ये असतो आणि फायकोचा (तिकडचा सर्वाधिक वापरातला क्रेडिट स्कोअर) पहिला आकडा निघायला किमान एक खातं ६ महिने जुनं लागतं. आधी काहीही करा, आकडा उगवत नाही.

आता खरी खोच. बिलावर दोन तारखा असतात: स्टेटमेंट बंद होण्याची आणि पैसे भरण्याची. क्रेडिट ब्युरोकडे (सिबिलसारखी तिकडची नोंद ठेवणारी संस्था) सहसा जाते ती पहिल्या तारखेची बाकी. २०० च्या कार्डावर १५० डॉलरचा किराणा घेतला आणि देय तारखेला पै न् पै भरली, व्याज शून्य. तरी ब्युरोला दिसतं की गडी ७५ टक्के मर्यादा खाऊन बसलाय. म्हणून स्टेटमेंट बंद होण्याच्या दोन-तीन दिवस आधी १३० भरून टाका, २० राहू द्या, ते बिल आल्यावर पूर्ण भरा. ‘थोडी बाकी पुढे ओढली की स्कोअर वाढतो’ हे कोणीही सांगितलं तरी ऐकू नका. त्यानं फक्त व्याज वाढतं.

कोनाडा

मोजपट्टी यांच्याशी सहमत, पण सिबिल अगदीच कुचकामी नाही. अमेरिकन एक्स्प्रेस ही कार्ड कंपनी नोव्हा क्रेडिटमार्फत (परदेशातली क्रेडिट नोंद तिकडे पोचवणारी कंपनी) भारतातली नोंद वाचू शकते. अर्ज करताना तो पर्याय आपण निवडावा लागतो. आपोआप काही जात नाही. आणि इकडचं शैक्षणिक कर्ज मुलाच्याही सिबिलवर असतं. बाबांनी मोरेटोरियममधला (शिक्षण चालू असतानाच्या सवलतीच्या काळातला) ठरलेला व्याजाचा हप्ता चुकवला की डाग दोघांनाही.

घाटवळण

राहिलेलं: भारतातलं जुनं बचत खातं. शिक्षणासाठी बाहेर गेलेला विद्यार्थी फेमाच्या (भारताचा परकी चलनाचा कायदा) दृष्टीनं अनिवासी ठरतो, तेव्हा ते खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करून घ्यायचं असतं. त्या खात्याला जोडलेलं सिम मात्र जिवंत ठेवा, नाहीतर ओटीपीविना सगळं ठप्प.

सांजवात

आभार. घरमालक भाडं चेकनं मागतो आहे. आपल्यासारखाच लिहायचा का?

तिळगूळ

जवळपास, ताई. तारीख आधी महिना, मग दिवस: ०३/०८ म्हणजे ८ मार्च. अक्षरी रकमेत सेंट अपूर्णांकात लिहितात, म्हणजे १,२५०.५० साठी ‘वन थाउजंड टू हंड्रेड फिफ्टी अँड ५०/१००’, आणि उरलेल्या जागेत शेवटपर्यंत रेघ. डाव्या कोपऱ्यातल्या ‘मेमो’मध्ये महिना आणि फ्लॅट नंबर. आणि अनोळखी माणसाचा चेक मुलीच्या खात्यात भरून ‘जादाचे पैसे परत पाठव’ असं कोणी म्हणालं तर अजिबात करायचं नाही. रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात दिसते, चेक खोटा निघायला आठवडे लागू शकतात, आणि वसुली खातेदाराकडून होते.