मोसंबी ही लिंबाची गोड जात नव्हे

मोसंबी ही लिंबाचीच एक गोड जात असावी, असे बरेचदा म्हटले जाते, त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. इंग्रजीत तिला गोड लिंबू म्हणण्याची आपल्याकडे रूढी असल्यामुळे हा समज होतो; प्रत्यक्षात मोसंबी हा परदेशी गोड संत्र्याचा, म्हणजे ज्याला बाजारात माल्टा म्हणतात त्याच जातीचा, आंबटपणा अगदी कमी असलेला प्रकार आहे, आणि नाव मोझांबिकवरून आलेले आहे. नागपुरी संत्रे मात्र वेगळ्या जातीचे, सैल सालीचे, हाताने सहज सोलता येणारे.

जनुकीय अभ्यासानुसार लिंबू-संत्र्यांच्या सगळ्या कुळाचे मुख्य पूर्वज तीन आहेत: पपनस, महाळुंग (लिंबासारखे पण मोठे, जाड सालीचे फळ) आणि सैल सालीचे मूळ संत्रे. पपनस आणि या संत्र्याच्या संकरातून गोड संत्रे जन्मले, त्याचा पुन्हा पपनसाशी संकर होऊन अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर ग्रेपफ्रूट आले. आपले कागदी लिंबू हेदेखील संकरच आहे आणि त्याचा एक जनक महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले फळ तेच, हे मला फार उशिरा कळले. त्याचा गर नावालाच असतो, जाड सालीचे मात्र लोणचे आणि मुरंबा होतो.

विदर्भातल्या बागांत तर दोन जाती एकाच झाडात नांदतात, कारण संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमासाठी घेतलेला अंकुर, बहुधा जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या रोपावर, बांधलेला असतो. डोळ्याखालून फुटलेले फुटवे वेळीच काढले नाहीत, तर त्यांना आंबट जंबेरीच लागते.