‘अमेरिका’ म्हणजे नक्की कोण? रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

सी-२०१: सकाळचा फॉरवर्ड वाचलात का सगळ्यांनी? अगदी खरं लिहिलंय, अमेरिकन लोकांना दर दहा वर्षांनी एक युद्ध लागतंच. आणि आपल्यावर ऑगस्ट २०२५ ला ५० टक्के टॅरिफ (आयातकर) लावलं ते वेगळंच. माझ्या मेव्हण्याचं सोलापूरला टॉवेलचं काम आहे, तयार माल गोडाउनला पडून राहिला, कामगारांना काय सांगायचं ते सुचेना त्याला. मला तरी त्या लोकांबद्दल आता काही वाटत नाही.

डी-५०४ आजोबा: ७१ साली बांगलादेश युद्धात अमेरिकेने सातवं आरमार पाठवलं होतं बंगालच्या उपसागरात, आपल्यावर दबाव आणायला, ते एंटरप्राइज जहाज. मी कॉलेजला होतो. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि रेडिओवर ही बातमी. ते मी विसरलेलो नाही.

बी-४०३ काका (सध्या एडिसन, न्यू जर्सी): नमस्कार मंडळी, इथे आत्ता रात्र आहे पण हे वाचून झोप येईना म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल. आजोबा तुमचा राग बरोबर आहे, आरमार आलं होतं ते खरंच आहे. पण ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचा सल्लागार किसिंजर यांनी पाठवलं होतं हो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ढाक्यातला (तेव्हाचं पूर्व पाकिस्तान) त्यांचाच कॉन्सुल जनरल, म्हणजे तिथल्या वकिलातीचा प्रमुख, आर्चर ब्लड, त्याने आणि त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी वॉशिंग्टनला तार केली की इथे पाकिस्तानी लष्कराची कत्तल चाललीय आणि आपलं सरकार गप्प बसलंय हे आम्हाला मान्य नाही. त्याची बदली झाली त्यापायी. ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहातले (सिनेटमधले) एडवर्ड केनेडी आपल्याकडे येऊन निर्वासितांच्या छावण्यांतून फिरून गेले. आणि सगळ्यात मला भिडलेली गोष्ट म्हणजे जुलैमध्ये बाल्टिमोर बंदरात पाकिस्तानचं पद्मा नावाचं जहाज लष्करी माल भरायला येणार होतं तर फिलाडेल्फियाकडची काही माणसं, त्यात बरीच क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाची, हाताने वल्हवायच्या इवल्याशा होड्या घेऊन त्या जहाजाच्या वाटेत गेली. एवढ्या मोठ्या जहाजापुढे होडी म्हणजे काडेपेटी! पोलिसांनी उचललं त्यांना, जहाज लागलं ते लागलंच, पण पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानात जाणारा लष्करी माल चढवायला नकार दिला. त्यांचं काय नातं होतं हो बंगालशी? काही नाही. म्हणून म्हणतो, सरसकट ‘अमेरिकन लोक’ म्हणू नका.

डी-५०४ आजोबा: होड्यांचं मला माहीत नव्हतं. ५० वर्षांत कोणी सांगितलं नाही.

ए-१०२ वहिनी: काका सगळं पटतंय, पण मग अशी सरकारं निवडून कोण देतं? मतं तर तीच माणसं देतात ना.

बी-४०३ काका: वहिनी, बरोबर विचारलंत. मी इथे चार महिने बघतोय, सकाळी फिरायला जातो तिथे चार-पाच म्हातारे भेटतात. त्यांच्या बोलण्यात परराष्ट्र धोरण हा शब्दच नाही. औषधांच्या किमती, घराचा टॅक्स, इन्शुरन्सने अमुक तपासणीचं बिल नाकारलं, अंडी महागली, हेच. मत देताना माणूस हेच बघतो, आपणही नळाला पाणी येतं का ते बघतोच की. बाहेरच्या जगाबद्दल त्यांचा अंदाजच वेगळा असतो. इथे पाहण्या होतात, त्यात लोकांना विचारतात की सरकारच्या खर्चातला किती वाटा परदेशांना मदत म्हणून जातो, तर सरासरी उत्तर येतं २५ टक्क्यांच्या आसपास. खरा आकडा जेमतेम १ टक्का आहे! आता ज्याला मनापासून वाटतं की आपल्या ताटातला चतुर्थांश घास बाहेर जातोय तो चिडणारच, आणि त्या चिडीवर मतं मागणारे आहेतच.

अजून एक सांगतो. १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-१बी (इथे नोकरी करायचा व्हिसा) अर्जांवर १ लाख डॉलर फी जाहीर झाली. लेकीची मैत्रीण नवरात्रासाठी पुण्याला आली होती, नियम कुणाला लागू कुणाला नाही हे कळायच्या आत तिने रात्रीतून परतीचं तिकीट काढलं, घटस्थापनेलाही न थांबता. आपल्या माणसांच्या सगळ्या ग्रुपवर चार दिवस दुसरा विषय नव्हता म्हणे. आणि लेकीच्या शेजारच्या घरी, भिंतीला भिंत लागून, त्यांना पत्ताच नाही. वाईट माणसं नाहीत ती, लेकीच्या आजारपणात सूप करून आणणारी आहेत. पण झळ त्यांच्या दारात आलेली नव्हती.

सी-२०१: म्हणजे काका त्यांना माफ करायचं का? इराक युद्धाच्या वेळी तर पब्लिकचाच पाठिंबा होता. मला चांगलं आठवतंय.

बी-४०३ काका: माफीचं मी बोलतच नाहीये. तुमचं बरोबर आहे, मार्च २००३ ला ७० टक्क्यांच्या वर लोक युद्धाच्या बाजूने होते. सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाला परवानगी देणारा ठराव झाला होता आदल्या ऑक्टोबरात. ज्यांचं कारण सांगून युद्ध केलं ती महासंहारक शस्त्रं काही सापडली नाहीत, आणि दोन-तीन वर्षांतच बहुतेक लोक म्हणायला लागले की चूक झाली. पण तोवर माणसं मेली होती ना. व्हिएतनामलाही हेच. गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेने १९६५ ला विचारलं तेव्हा २४ टक्के लोक युद्धाला चूक म्हणत होते, ऑगस्ट १९६८ ला ५३ टक्के. मधल्या तीन वर्षांत काय झालं, तर शवपेट्या गावोगाव पोचल्या.

मी ज्या म्हाताऱ्यांबरोबर फिरतो त्यातले एक व्हिएतनामला जाऊन आलेले आहेत. परवा बाकावर बसलो होतो, त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढून दाखवलं, घडी पडून पडून मधोमध पांढरं झालेलं. सक्तीच्या सैन्यभरतीचं कार्ड. १ डिसेंबर १९६९ ला टीव्हीवर सोडत निघाली, काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या गोळ्या आणि प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, जी तारीख आधी निघेल त्या दिवशी जन्मलेली पोरं आधी जाणार. पहिली निघाली १४ सप्टेंबर. गोळ्या नीट कालवल्याच नव्हत्या म्हणे, त्यामुळे वर्षअखेरीच्या तारखा लवकर लवकर निघाल्या. यांचा वाढदिवस डिसेंबरचा. म्हणाले, माझी आई आधी युद्धाच्या बाजूने बोलायची, कम्युनिस्टांना अडवलंच पाहिजे म्हणायची. त्या रात्री माझी तारीख वाचली गेली तशी ती उठली, टीव्ही बंद केला आणि घासलेलीच भांडी परत घासत बसली. त्यानंतर ती कधी युद्धाच्या बाजूने बोलली नाही.

ए-१०२ वहिनी: 😔 वाचवत नाही काका.

बी-४०३ काका: हो ना. आणि तरी सगळ्यांना एकदम कळलं असं नाही. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात युद्धाविरुद्ध निदर्शनं चालली होती, तिथे नॅशनल गार्डने (राज्याचं राखीव सैन्य) गोळीबार केला, चार विद्यार्थी गेले, त्यानंतरच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला! स्वतःच्याच पोरांना. १९७३ ला सक्तीची भरती बंद झाली. चांगलंच झालं, पण मला वाटतं तिथेच एक दोरी तुटली. आता सैन्यात लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी माणसं, तीही स्वतःहून गेलेली. अफगाणिस्तानचं युद्ध २० वर्षं चाललं, बाकीच्या घरांत त्याची चाहूलही नव्हती. पूर्वी युद्ध कुणाच्याही दारात यायचं म्हणून लोक तीन वर्षांत फिरले. आता ते ठराविक घरांतच जातं. याची मला खरंच काळजी वाटते, कारण निर्णय तिथे होतात आणि झळ तुमच्या मेव्हण्याच्या कामगारांना बसते ज्यांना तिथे मतच नाही.

सी-२०१: काका, कामगारांचं बोललात ते बरं वाटलं. फॉरवर्ड डिलीट करतो. राग आहे पण तो असा सगळ्यांवर नको.

डी-५०४ आजोबा: ते बाल्टिमोरचं सविस्तर लिहा सवडीने. नातवाला वाचून दाखवायचंय.

बी-४०३ काका: लिहितो आजोबा, उद्या नक्की. आता झोपतो, सकाळी सातला बाकावर ते वाट बघत असतात.