भांडणं झाली म्हणजे फूट पडली असं नाही

देशोदेशींच्या बायकांमधल्या मतभेदांमुळे जागतिक स्त्री चळवळ दुबळी झाली, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही. १९७५ची मेक्सिको सिटीची, संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषदच घ्या. बोलिव्हियाच्या खाणकामगार वस्तीतून आलेल्या डोमितिला बारिओस दे चुंगारा यांनी तिथे सरळ विचारलं, की खाणमजुरांवरची दडपशाही आणि तुटपुंजी मजुरी हे बायकांचे प्रश्न नव्हेत का? अनेक जणी नाराज झाल्या. पण पुढच्या दशकात हाच सूर वाढत गेला. १९८४मध्ये बंगळूरला 'डॉन' हे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेसारख्या भागांतल्या विकसनशील देशांमधल्या स्त्री अभ्यासक-कार्यकर्त्यांचं जाळं उभं राहिलं. कर्ज, दुष्काळ, विकासाची धोरणं हे विषय त्यांनी १९८५च्या नैरोबीतल्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी मांडले. (वर्तमानपत्रांना मात्र भांडणांच्याच बातम्या आवडतात.)

आणि एकजूट म्हणजे एकमत, हे कुणी ठरवलं? घरी बसून विड्या वळणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायकांसाठी 'सेवा' या अहमदाबादच्या असंघटित कामगार बायकांच्या संघटनेने इतर देशांतल्या संघटनांना सोबत घेऊन आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत लढा दिला. मालकांच्या प्रतिनिधींचा कडवा विरोध असूनही १९९६मध्ये घरून काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखी वागणूक मिळावी म्हणणारा १७७ क्रमांकाचा करार मंजूर झाला. त्याला मान्यता देणारे देश मात्र आजही मोजकेच आहेत, आणि त्यात भारत नाही.