मदत हवी आहे: पहिल्या प्रेसिडेंटांच्या नावाने वार्षिक व्याख्यान, त्याची आरती होऊ नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी एका कॅथलिक विद्यापीठात शिकवतो. स्वतः ख्रिस्ती नाही, पण इथे बरीच वर्षं काढलीत. विद्यापीठाचे पहिले प्रेसिडेंट, एक फादर, यांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं ठरलंय आणि मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (मीटिंगला उशिरा पोचलं की असंच होतं.) सगळा मिळून एक पानाचा मजकूर, पण तीन आठवडे झाले, घोडं पुढे सरकत नाही.

आधी शब्दांचाच घोळ. प्रेसिडेंट म्हणजे अध्यक्ष नव्हेत, काम कुलगुरूंचं. शिवाय संस्थापक आणि पहिले प्रेसिडेंट एकच असतात असंही नाही. अमेरिकेतलं नॉटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ १८४२ मध्ये फादर एडवर्ड सोरिन यांनी काढलं आणि पहिले प्रेसिडेंटही तेच. तिथलंच जॉर्जटाउन विद्यापीठ मात्र जॉन कॅरोल यांनी स्थापलं, पहिले प्रेसिडेंट रॉबर्ट प्लंकेट. आमच्या फादरांना तर बोलावून आणलं होतं; जमीन आणि पैसा दुसऱ्यांचा. त्यामुळे 'संस्थापक' लिहिलं की एक गट नाराज, 'पहिले' लिहिलं की दुसरा.

पण खरं घोडं अडलंय ते पुढे. समितीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं, वक्त्याने दरवर्षी फादरांच्या कार्यावरच बोलावं. असं एक व्याख्यान मी दुसऱ्या एका संस्थेत ऐकलंय. प्रार्थना, स्वागत, चित्रफीत, मग भाचीचं मनोगत. पाहुण्या बाई माइकपाशी पोचल्या तेव्हा पन्नास मिनिटं उलटून गेली होती. त्यांनी हातातल्या कागदांमधली मधली पानं काढून टेबलावर पालथी ठेवली आणि सरळ शेवटाकडे गेल्या. मागच्या दोन रांगा हजेरीच्या सहीपुरत्याच आल्या होत्या. त्या पालथ्या पानांत काय होतं, हे मला आजही जाणून घ्यायचंय.

मसुद्यासाठी म्हणून फादरांची जुनी कागदपत्रं चाळली. भाषणं नेहमीचीच. पण पहिल्या वर्षीची फीची वही सापडली. थकबाकीदार अकरा मुलांची नावं, त्यातल्या नऊ नावांपुढे पेन्सिलीने 'थांबू' अशा अर्थाचा एकच शब्द. दोन नावांपुढे नुसती रेघ. विषयाशी तसा संबंध नाही, पण सांगावंसं वाटलं.

तर जाणकारांनी सांगावं: विषय कसा ठरवावा? पैशाची सोय कशी करतात? आणि तारीख कोणती धरावी? पुण्यतिथी ऐन परीक्षांच्या तोंडावर येते. कुणीतरी २८ जानेवारी सुचवली आहे, संत थॉमस अक्वायनस यांचा सण. पोप तेरावे लिओ यांनी १८८० मध्ये त्यांना कॅथलिक शिक्षणसंस्थांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हा हे शोभेलही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

२८ जानेवारी घ्या आणि मोकळे व्हा. पुण्यतिथीला व्याख्यान ठेवलं की त्याची श्रद्धांजली सभा होतेच.

पैशाचं गणित सोपं आहे. कायम निधीतून वर्षाला साधारण चार-पाच टक्केच काढायची पद्धत असते. चार टक्के धरले तर वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम आधी जमवावी लागेल. खर्चात मानधन आणि प्रवास येतोच, पण चित्रीकरण आणि छपाई लोक हमखास विसरतात. तेवढी रक्कम नसेल तर एक वर्षाआड ठेवा.

नावाबद्दल मसुद्यात एक कलम घाला: विद्यापीठाला पुढे नाव बदलता येईल. ज्येष्ठांना झोंबेल, तरी घालाच. अमेरिकेतल्याच होली क्रॉस कॉलेजचे पहिले प्रेसिडेंट थॉमस मुलेडी. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुलं विकली, तो व्यवहार मुलेडींनीच केला. जॉर्जटाउनमध्ये त्यांच्या नावाची इमारत होती. २०१७ मध्ये तिला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं गेलं. विक्रीच्या कागदावर विकलेल्या माणसांमध्ये पहिलं नाव हॉकिन्स यांचं होतं.

व्याख्यान आणि सत्कार एकाच कार्यक्रमात नकोत. नॉटर डेमने २००९ मध्ये ओबामांना पदवीदानाला बोलावून मानद पदवीही दिली, तेव्हा गर्भपाताच्या प्रश्नावरून कित्येक बिशपांनी उघड विरोध केला. बोलायला बोलावण्यावरूनही वाद होतातच, पण हातात मानचिन्ह दिलं की 'आम्ही फक्त ऐकून घेत होतो' असं म्हणायची सोय राहत नाही.

आता विषय. जॉन हेन्री न्यूमन हे इंग्लंडचे कॅथलिक विचारवंत, डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाचे पहिले रेक्टर, म्हणजे प्रमुख. विद्यापीठ १८५४ ला सुरू झालं, १८५८ ला त्यांनी पद सोडलं. कारभार म्हणून पाहिलं तर फार काही हाती लागलं नाही. पण त्याआधी, १८५२ मध्ये, 'विद्यापीठ कशासाठी?' या प्रश्नावर त्यांनी जी व्याख्यानं दिली, ती लोक अजून वाचतात. तुमच्या फादरांचाही असा एखादा प्रश्न असेलच ना? तो शोधा आणि वक्त्याला फक्त तेवढा द्या. फादरांचं नाव वक्त्याने एकदाही घेतलं नाही तरी चालेल.

आणि अहो, तुम्ही तो स्वतःच वर लिहिलाय. वर 'विषयाशी तसा संबंध नाही' म्हणालात, तो परिच्छेद पुन्हा वाचा.

धागाकर्ता:

वाचला. कपाळावर हात मारून घेतला.

मसुद्यात आता एवढंच लिहिलंय: 'ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी विद्यापीठाने किती थांबावं, या प्रश्नाच्या कोणत्याही अंगावर वक्त्याने बोलावं.' अर्थशास्त्रवाल्यांना बोलवता येईल, धर्मशास्त्रवाल्यांनाही. फादरांची ओळख पाच मिनिटं, चित्रफीत बाद. भाचीचं मनोगत आमच्याकडे नाहीच, सुटलो. 'पहिले प्रेसिडेंट' कायम ठेवलंय, ओरडू देत. नावाच्या कलमावर सोमवारी जुंपणार आहे.

ज्येष्ठांपैकी एकांना वहीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "त्या दोन रेघांवाल्या मुलांचं पुढे काय झालं?" मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी दफ्तरखाना उघडा असतो, जाऊन पुढच्या वर्षाची वही काढतो.