दुभत्या शेळीचे केस उन्हाळ्यात भादरावेत का?

डिचोलीहून माई: आमची शेळी सानेन या विलायती दुधाळ जातीच्या संकराची, बुटकी, पांढरी, दुसऱ्या वेताची. एप्रिल लागल्यापासून दुपारी तोंड उघडून धापा टाकते. घरचे म्हणतात, मशीन आणून सगळी भादरून टाकू. धार काढताना कासेवरचे केस दुधात पडतात, तो त्रास वेगळा. पण पाठ उघडी करायला माझा हात धजत नाही. काय करू?

सत्तरीचा दादा: माई, भादरा. गोव्याच्या दमट हवेत धाप टाकूनही अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, त्यात दाट केस म्हणजे जनावराला घोंगडी पांघरून ठेवल्यासारखं. शिवाय केस गेले की उवा, गोचीड लगेच दिसतात. आदल्या दिवशी आंघोळ घाला आणि पूर्ण वाळू द्या. आपली लाल माती केसांत राहिली तर पातं तासाभरात बोथट होतं. दहा नंबरचं पातं घ्या, ते दीडेक मिलिमीटर केस ठेवतं. कातडी ताणून धरा, मशीन केसांच्या उलट दिशेनं चालवा. पातं मधून मधून हाताला लावून बघा, तापलं असेल तर थांबा. गळ्याखाली लोंबते गोळे असतील तर तिथे फार जपून.

पेडण्याची सुमती: दादा, मला हे अजिबात पटत नाही. पाठीवरचे केस म्हणजे उन्हातली छत्री. पांढऱ्या शेळीची कातडी गुलाबी असते, ती भाजते. गेल्या मे महिन्यात मी अशीच एक पूर्ण भादरली. चार दिवसांत पाठ लाल झाली, साल निघाली, दूध घटलं. ते बरं होतंय तोच मिरगाचा पाऊस आला आणि ती रात्रभर कुडकुडत उभी राहिली. तिचा तो थरकाप मी विसरले नाही. आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतोच, तोवर केस कुठे नीट वाढतात?

सत्तरीचा दादा: पातं कितीचं होतं? चाळीस नंबरचं असेल तर ते कातडीला लागून कापतं, शस्त्रक्रियेसाठी वापरतात ते. आणि भादरल्यावर तिला उन्हात सोडली होती का? माझ्या शेळ्या दिवसभर कौलारू गोठ्यात नाहीतर काजूच्या सावलीत असतात.

पेडण्याची सुमती: पातं बारीकच होतं, ती चूक माझी. चरायलाही सोडली होती. पण ज्याच्याकडे दिवसभर सावली आहे त्याला पाठ भादरायची गरज काय? पहाटे आणि संध्याकाळी चरायला न्या, दुपारी थंड पाणी दोनदा बदला, हिरवा पाला रात्री टाका. माई, कास, पोट आणि मांड्यांची आतली बाजू मात्र जरूर भादरा. ते उन्हासाठी नाही, स्वच्छ दुधासाठी. तिथले केस शेण-मूत धरून ठेवतात.

सत्तरीचा दादा: कासेबद्दल माझं दुमत नाही. पाठीबद्दल आहे. काळी, दाट केसांची शेळी असेल तर मी अजूनही भादरीनच, पण एप्रिलच्या सुरुवातीला, मेमध्ये नाही. पांढरीच्या बाबतीत सुमतीताईंचं ऐका.

डिचोलीहून माई: मग पाठ राहू दे. कास भादरताना सडाला इजा होईल ही भीती वाटते.

पेडण्याची सुमती: धारेच्या आधी करा. कास भरलेली असली की कातडी ताठ असते, सुरकुतीत पातं अडकत नाही. एकानं दोन बोटांत सड झाकून धरायचा, दुसऱ्यानं मशीन चालवायचं. नंतर ओल्या फडक्यानं केस पुसून घ्या आणि मगच धार काढा. हातासरशी खुरंही कापून टाका, पावसात चिखल लागला की वाढलेल्या खुरांत कुजतं.