जप आणि गाणं: मनातल्या मनात की मोकळ्या आवाजात?

स्वरवेडी: मंत्र असो, स्तोत्र असो की साधं गाणं, तोंडाने म्हटल्याशिवाय ते अंगात भिनत नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण श्वास. मोठ्याने म्हणताना ओळ संपेपर्यंत दम पुरवावा लागतो, त्यामुळे श्वास सोडणं आपोआप लांबतं. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर दोन्हीकडे ते सहाच्या आसपास आले. धर्म वेगळे, लय तीच!

मौनपक्षी: श्वासच मंद करायचा तर प्राणायाम आहे की, शब्द कशाला? आणि उच्चाराला परंपरेनेच खालची पायरी दिली आहे. वाचिक म्हणजे मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशु, म्हणजे ओठ हलतात पण दुसऱ्याला ऐकू जात नाही असा जप श्रेष्ठ, त्याहून मानस, म्हणजे मनातल्या मनातला. मनुस्मृतीत विधीने केलेल्या यज्ञापेक्षा उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ सांगितलाय. मोठ्याने म्हणताना तोंड चालू राहतं आणि मन भलतीकडे भटकतं.

स्वरवेडी: मन मानसजपातही भटकतं, फक्त पटकन ध्यानात येत नाही. आवाज असला की चूक कानाला लगेच खटकते. वेद टिकले ते याच जोरावर. घनपाठ या पठणाच्या पद्धतीत पदं, म्हणजे शब्द, १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी उलटसुलट म्हणतात, एक स्वर घसरला तरी पकडला जातो. आणि छातीवर तळहात ठेवून खर्जातला ‘सा’ लावून बघा, हाताखाली थरथर जाणवते. तोंड मिटून ‘म’ धरा, तीच थरथर नाकाकडे, कपाळाकडे सरकते. हे मनातल्या मनात कसं मिळणार?

ओठमिटली: शाळेत समूहगीताला मला ‘तू नुसते ओठ हलव’ असं बजावलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी एकटी असतानाही गुणगुणले नाही. आता चारचौघांत बसून म्हणते. माझा सूर हलला तरी शेजारच्यांचा आवाज मला धरून ठेवतो. सुरेल गळा नसलेल्यांनाही हे सुख हवंच.

मौनपक्षी: ओठमिटली, तुम्हाला गप्प करणाऱ्यांचं वागणं चुकीचंच होतं. पाठांतराचा मुद्दाही मान्य. पण पाठांतर वेगळं, जप वेगळा. शिवाय जपाला भोंगा लावला की शेजारच्या आजाऱ्याची झोप जाते, त्याचं काय?

स्वरवेडी: भोंग्याला माझाही विरोधच आहे. मी गळ्याबद्दल बोलतेय. स्वतःला नीट ऐकू येईल इतकाच आवाज पुरतो.